लोखंडाचं सोवळं

लोखंड ताणलं जातं यावर आपल्याकडे कुणाचाच विश्वास नाही. रबर ताणलं जातं हे पटतं, महिनाअखेरीला पगार ताणून पुरवावा लागतो हे तर न सांगता पटतं. पण लोखंड म्हणजे एक तर जसंच्या तसं राहणार, नाही तर तुटणार. तुटलं की "माल हलका होता" म्हणायचं आणि पुढच्या खेपेला दुप्पट जाडीची पट्टी मारायची. तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात उसाची ट्रॉली याच सिद्धांतावर जन्माला येते. ती कधी तुटत नाही. फक्त ती रिकामी असली तरी ट्रॅक्टर धापा टाकतो.

खरं तर लोखंड सारखंच ताणलं जात असतं. पुलावरून एक शेळी गेली तरी पुलाचा गर्डर खालच्या अंगाने लांबतो. किती लांबतो हे सांगायचं एकक म्हणजे मायक्रोस्ट्रेन, दहा लाखांत एक. समजा पुण्याहून मुंबईपर्यंत दीडशे किलोमीटरची एकसंध सळई टाकली (टेंडर कुणाला मिळेल हा विषय तूर्त नको) आणि ती ओढून पंधरा सेंटिमीटरने लांबवली, तर तो झाला १ मायक्रोस्ट्रेन. साधं बांधकामाचं पोलाद १२५० मायक्रोस्ट्रेनच्या आसपास धीर सोडतं. म्हणजे आपली सळई मुंबईच्या पुढे १८७ मीटर गेली, की त्यानंतर ओढणाऱ्याने हात सोडला तरी ती पूर्ण परत यायची नाही. तोवर मात्र ती गुपचूप लांबते, गुपचूप परत येते आणि कुणाला काही कळू देत नाही.

हे चोरटं येणंजाणं पकडायला जी वस्तू लावतात तिला स्ट्रेन गेज म्हणतात. नखाएवढी पिवळसर, पारदर्शक फिल्म. तिच्यावर केसापेक्षा कितीतरी पातळ धातूची नागमोडी नक्षी. ही फिल्म लोखंडावर चिकटवायची. लोखंड लांबलं की नक्षी लांबते, लांबली की बारीक होते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. १२० ओहमचं गेज १ मायक्रोस्ट्रेनला ०.०००२४ ओहमने बदलतं. हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. दशांश चिन्हापुढे तीन शून्यं आहेत आणि पुढचं सगळं महाभारत त्या शून्यांमुळे घडतं.

वस्तू अपरिचित वाटेल, पण तिच्याशी आपला रोजचा व्यवहार आहे. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या ताटलीखाली ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो आणि त्याच्या अंगाला चार गेजं चिकटलेली असतात. पाव किलो साबुदाणा ठेवला की ठोकळा वाकतो, दोन गेजं ताणली जातात, दोन दाबली जातात आणि आकडा येतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची ट्रॉली उभी राहते तेव्हाही खाली हेच. "काटा मारला" ही तक्रार आपल्याकडे उसाइतकीच जुनी आहे. तिच्यात तथ्य असो वा नसो, गेजला त्यात ओढू नये. ते बिचारं तळघरात असतं. जे काही होतं ते वरच्या केबिनमध्ये होतं.

हा शोध मुळात १८५६ सालचा. तार ताणली की तिचा रोध वाढतो हे लॉर्ड केल्विनने, तेव्हा तो नुसताच विल्यम थॉमसन होता, दाखवलं. ती तार सरळ वस्तूवर चिकटवून टाकावी हे सुचायला आणखी ऐंशी वर्षं गेली आणि मग दोघांना जवळजवळ एकदमच सुचलं. कॅल्टेकमध्ये एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीमध्ये आर्थर रूज. रूज भूकंपात पाण्याच्या टाक्यांचं काय होतं याचा अभ्यास करत होता. टाकीचं मॉडेल इतकं पातळ पत्र्याचं की कोणतंही मोजमापाचं यंत्र लावलं तर टाकीच त्या यंत्राला लटकायची. १९३८ साली त्याने बारीक तार पातळ कागदावर डकवली आणि कागद टाकीवर. एमआयटीच्या पेटंट समितीने विचार करून निर्णय दिला, की कल्पना छान आहे, पण धंद्याच्या दृष्टीने फार मोठं काही होईलसं दिसत नाही. हक्क तुमचे तुम्हीच ठेवा. जगातल्या समित्यांनी जे निर्णय घेतले त्यांच्यात हा फार वरचा. सिमन्सच्या संस्थेने नेमकी उलट चूक केली. तिने हक्क सोडायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९४९ साली सिमन्स जिंकला. पुढे हा गृहस्थ पॅसाडेनाच्या रस्त्यांवर प्रबोधनकाळातल्या युरोपियन सरदारासारखे घट्ट पायमोजे घालून हिंडत असे. ०.०००२४ ओहमच्या मागे लागलेल्या माणसाने एवढं करायला हरकत नाही. आज आपण वापरतो ती कोरीव पन्नीची गेजं त्यानंतरची. १९५२ साली इंग्लंडमध्ये सॉन्डर्स-रो या विमानं आणि हेलिकॉप्टरं बनवणाऱ्या कंपनीत निघाली.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या आसपास मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा कारभार आहे, त्यामुळे ते भाग तुटण्याचाही मोठा कारभार आहे, त्यामुळे गेज चिकटवणाऱ्यांचाही. मी अशाच एका लॅबमध्ये नोकरी केली. ट्रकच्या चासीवर बॅटरीची पेटी धरणारा एक ब्रॅकेट होता. तो ठरावीक किलोमीटर झाले की वेल्डपाशी तडकायचा. बनवणारे पाहुणे म्हणाले, गेज लावून बघा. अशा कामात एक इंजिनिअर लागतो, एक ट्रेनी लागतो आणि एक मामा लागतात. पहिल्या दोघांवाचून चालतं.

मामा म्हणजे टेक्निशियन. सेवानिवृत्तीला टेकलेले, कपाळाला अष्टगंध, खिशात चिमटा. सगळी लॅब त्यांना मामा म्हणायची आणि ते सगळ्या लॅबला साहेब म्हणायचे, परवा लागलेल्या ट्रेनीलासुद्धा. त्यांनी "साहेब" किती लांबवून म्हटलं यावरून आपलं नेमकं काय चुकलंय ते ओळखायचं असे.

पहिली पायरी गेज निवडण्याची. कॅटलॉगात गेजं शेकड्यांनी असतात आणि लग्नाच्या स्थळांप्रमाणेच प्रत्येकाच्या पुढे बरीच माहिती आणि कामाची एकच ओळ असते. लांबी किती? जिथे ताण अचानक बदलतो, म्हणजे खाचेपाशी, वेल्डपाशी, तिथे एक-दीड मिलिमीटरचं बारकं गेज. कारण गेज आपल्या अंगाखालच्या सगळ्या जागेची सरासरी सांगतं आणि सरासरीत शिखर बुडून जातं. सरळसोट पट्टीवर तीन-सहा मिलिमीटरचं चालतं, हाताळायलाही सोपं. काँक्रीटला मात्र लांब लागतं. वीस मिलिमीटर खडीच्या काँक्रीटवर साठ मिलिमीटरपेक्षा कमी लावू नये. लहान लावलं तर ते पुलाची नव्हे, एका खडीची कौटुंबिक परिस्थिती सांगत बसतं. ताण कोणत्या दिशेने येणार हेच ठाऊक नसेल तर तीन दिशांना तीन गेजं असलेलं रोझेट घ्यायचं. दिशा माहीत नसताना एकच गेज लावून "साधारण असंच असेल" म्हणणारे इंजिनिअर असतात. ते पुढे मॅनेजर होतात.

मग तापमान. ऊन चढलं की लोखंड फुगतं. तो काही ताण नव्हे, पण गेजला काय कळतं? म्हणून कारखान्यातच गेजचा धातू असा मुरवतात की त्याने त्या-त्या धातूचं फुगणं स्वतःत जिरवावं. तो धातू कोणता हे सांगायला नंबर असतो. जपानी कॅटलॉगात साध्या पोलादासाठी ११ आणि ॲल्युमिनियमसाठी २३. अमेरिकन कॅटलॉगात त्याच पोलादाला ०६ आणि त्याच ॲल्युमिनियमला १३, कारण अमेरिकन लोखंड फॅरेनहाइटमध्ये फुगतं.

आमच्या मागणीपत्रावर ११ होतं. परचेसने २३ आणलं. विचारायला गेलो तर तिथल्या साहेबांनी अभिमानाने सांगितलं, "त्याच किमतीत वरचं मॉडेल मिळवलंय." त्यांना समजावणं अवघड होतं, कारण त्यांच्या दृष्टीने त्यांनी कंपनीचे बारा नंबर वाचवले होते. २३ नंबरचं गेज पोलादावर लावलं तर अंशाला साधारण १२ मायक्रोस्ट्रेनची थाप मारतं. सकाळी आठ ते दुपारी दोन चासी वीस अंशांनी तापली की जागच्या जागी उभ्या असलेल्या ट्रकमध्ये जवळजवळ अडीचशे मायक्रोस्ट्रेनचा दाब दिसू लागतो. ट्रकमध्ये कुणी बसलेलं नसतं, ट्रक हललेला नसतो, पण स्क्रीनवर तो हळूहळू चिरडला जात असतो. गेज गप्प बसणाऱ्यांतलं नाही. त्याला प्रश्न विचारा, न विचारा, चुकीचा विचारा, ते आकडा देणारच; आणि चुकीच्या आकड्याचा चेहरा बरोबर आकड्याच्या चेहऱ्याहून निराळा नसतो. मामांचं सगळं कर्मकांड या एका गोष्टीवर उभं होतं.

कर्मकांडच. मी शब्द विचारपूर्वक वापरतोय. ग्राइंडरने रंग काढला की पाहणाऱ्याला वाटतं, झालं, चिकटवा. तिथून मामांची सुरुवात व्हायची. आधी सॉल्व्हंटने तेल-ग्रीस काढायचं. मग सौम्य फॉस्फोरिक ॲसिडचे थेंब टाकून ओल्या पॉलिश पेपरने घासायचं. आधी २२०चा, मग ३२० किंवा ४००चा. ट्रेनीला हे काम दिलं की तो आरसा करून आणतो. मामा त्यात स्वतःचं कपाळ बघत आणि म्हणत, "साहेऽब, भांग पाडायचाय का?" कारण आरशावर ग्लूला पकड मिळत नाही, थोडा खरखरीतपणा लागतो, तोही वेगवेगळ्या दिशांनी. मग खुणा. लोखंडावर सुईने रेघ मारायची नाही. ओरखडा म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण, आणि आपण तर तडा का पडतो हे शोधायला आलेले. त्यासाठी मामांकडे संपलेल्या रिफिलची बॉलपेनं होती, डझनभर. नवीन माणूस त्यांना कचरा समजून फेकून देई आणि मग आठवडाभर त्याच्याशी कुणी बोलत नसे. संपलेल्या रिफिलची गोळी दाबून फिरवली की ओरखडा न पडता चकाकती रेघ उमटते. ॲल्युमिनियम असेल तर ४एच पेन्सिल.

नंतर कापूस. ॲसिडात बुडवलेला बोळा मधून बाहेर एकदाच फिरवायचा, बघायचा, टाकायचा. काळा आला, दुसरा. करडा आला, तिसरा. पांढरा येईपर्यंत. वर अमोनियाचा हात, पुन्हा त्याच शिस्तीत. बोळा पुढे-मागे फिरवला तर काठावरची घाण मध्ये येते, म्हणून एकच फेर, एकाच दिशेने. शेवटच्या बोळ्यानंतर त्या नाणंभर जागेला बोट लागता कामा नये. कॉम्प्रेसरची हवा तर नकोच, तिच्यात तेल असतं. त्यावर बोलायचंही नाही, असा मामांचा स्वतःचा एक नियम होता. तो कोणत्याही पुस्तकात नाही, पण थुंकीचं शास्त्र पाहता योग्यच होता. आणि हे सगळं झालं की पोलादावर पाऊण तासाच्या आत गेज चिकटलं पाहिजे, नाही तर हवेनेच जागा पुन्हा विटाळते. सोवळ्यातल्या आजीच्या वाटेला घरातली पोरं जात नसत, तसे आम्ही त्या ब्रॅकेटला चार हात लांबून वळसा घालून जायचो.

नेमके अशा वेळी वरिष्ठ येतात. याला अपवाद मी पाहिलेला नाही. दिवसभर केबिनमध्ये असलेले साहेब शेवटचा बोळा पांढरा निघाला की दोन पाहुण्यांना घेऊन शॉपफ्लोरवर उतरतात. "हे आमचं इन्स्ट्रुमेंटेशन चाललंय," असं म्हणतात, वाकतात, आणि "म्हणजे गेज साधारण इथे येणार ना?" असं विचारत त्या चकचकीत नाणंभर जागेच्या बरोब्बर मधोमध तर्जनी ठेवतात. नुसती ठेवत नाहीत, टेकवून किंचित फिरवतात. नुकताच वडापाव झालेला असतो.

मामा काही बोलत नसत. "होय साहेऽऽब, तिथेच," एवढं म्हणून मंडळी वळायची वाट बघत आणि मग पॉलिश पेपरचा नवा तुकडा फाडत. आजीला निदान पुन्हा आंघोळीपासून सुरुवात होती. इथे सॉल्व्हंटपासून.

चिकटवण्याचा भाग मात्र बघण्यासारखा. गेज बोटाने उचलायचं नाही; चिमट्याने काचेवर पालथं-उलथं नीट ठेवून त्यावर पारदर्शक टेप लावायची आणि टेप तिरकी, अलगद उचलायची. गेज टेपला लटकून येतं. मग ती टेप ब्रॅकेटवर, खुणेवर खूण जुळवून. तिरपी बसली तर उचलून पुन्हा, राग न धरता. जुळली की एका बाजूने टेप सोलून गेज उलटं पाडायचं, पाठीवर कॅटलिस्टचा एक पातळ हात, तो सुकू द्यायचा, मग जोडावर ग्लूचा एक थेंब. एक. दोन थेंबांनी दुप्पट चिकटतं असं ज्याला वाटतं तो मनाने अजून शाळेतच असतो. मग टेप ताणून धरत गेज एका फटक्यात खाली आणि त्यावर अंगठा, मिनिटभर. अंगठ्याचा दाब लागतो आणि अंगठ्याची ऊबही. आपल्याकडे अंगठा ही ज्याला सही येत नाही त्याची निशाणी. इथे सही करणारे सगळे बाजूला उभे असतात आणि कामाला येतो तो अंगठाच.

त्या एका मिनिटात मामांच्या चेहऱ्यावर जे भाव असत ते मी इतरत्र फक्त इंजेक्शन टोचून घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आहेत. मिनिट झालं की अंगठा काढायचा, आणखी दोन मिनिटं थांबायचं, मग टेप स्वतःवरच दुमडत हळूहळू मागे ओढायची. वर उचकटली तर गेज सोबत येतं. आमच्या ट्रेनीने पहिल्या दिवशी प्लास्टिकचा तुकडा मध्ये न घेताच अंगठा दाबला. गेज अप्रतिम चिकटलं, अंगठ्याला. मल्टिमीटर लावून पाहिलं तर १२० ओहम पूर्ण. मामा म्हणाले, "काढू नका साहेब, मोजून घेऊ, कामाचा ताण किती पडतो ते."

हा ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. १९४२ साली हॅरी कूव्हर हा कोडॅकचा रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता. त्याला हे रसायन सापडलं आणि ते ज्याला लागेल त्याला चिकटतं म्हणून त्याने वैतागून बाजूला ठेवलं. आपली फेविक्विक त्याच घराण्यातली, त्यामुळे "मग फेविक्विकच का नाही?" हा प्रश्न प्रत्येक ऑडिटमध्ये येतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला चालून जाते. पण चपलेचा पट्टा धरून ठेवणं आणि पोलादाची दहा लाखांतल्या एकाची हालचाल जशीच्या तशी वर पोचवणं ही वेगळी कामं आहेत. शिवाय हा ग्लू हवेतल्या ओलाव्याने धरतो. एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो सरकारी गतीने काम करतो आणि जुलैत बाटलीचं टोपण उघडेपर्यंत निम्मा निवृत्त झालेला असतो. म्हणून न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये. आमच्या फ्रिजवर पुण्याला साजेशी पाटी होती: "हा फ्रिज उपकरणांसाठी आहे. दही हे उपकरण नाही." आणि फ्रिजमधून काढलेली बाटली गार असताना उघडायची नाही, आतल्या आत दव धरतं. तिला खोलीच्या उबेला येऊ द्यायचं. तेवढ्यात चहा होतो. मामांच्या सगळ्या पद्धतींत चहाला तांत्रिक कारण होतं, आणि वाईट वाटतं ते याचं की बहुतेक कारणं खरी होती.

वायरिंगवर फार लिहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांना नको आणि ज्यांनी नाही त्यांना कंटाळा येईल. नक्षीवर टेप झाकून टोकांना इवलासा सोल्डर द्यायचा, वायरला थोडा झोल ठेवायचा म्हणजे ओढ गेजवर येत नाही, आणि फ्लक्स धुऊन काढायचा. न धुतलेला फ्लक्स आज काही करत नाही. पंधरा दिवसांनी, तुम्ही मुलाखतीत या टेस्टची फुशारकी मारत असताना, आकडे सरकवतो. वरून पाण्यापासून जपायला कोटिंग. इथे कुणीतरी हुशार माणूस बाथरूमच्या फटी बुजवायची सिलिकॉनची नळी घेऊन येतो. ती वाळताना व्हिनेगरचा वास मारते, कारण त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि त्या ॲसिडाला ही बारीक नक्षी आवडते. खायला. वास न मारणारं सिलिकॉन मिळतं, ते घ्यावं.

पण गेजचा खरा शत्रू ॲसिड नव्हे, मेगर. चिकटवल्यावर गेज आणि लोखंड यांच्यामधलं इन्सुलेशन तपासायचं असतं. दहा हजार मेगाओहमच्या वर असेल तर काम चोख. हे तपासायला अगदी कमी व्होल्टचं मीटर येतं. "इन्सुलेशन" हा शब्द मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनच्या कानावर पडला की तो मोटरी तपासायचा ५०० व्होल्टचा मेगर घेऊन प्रेमाने धावत येतो. त्याचा हेतू शुद्ध असतो. तो हँडल फिरवतो, आत कुठेतरी मुंगी चिरडल्यासारखा आवाज येतो आणि तो म्हणतो, "आता शॉर्ट दाखवतंय. बरं झालं मी बघितलं."

इतकं सगळं होऊन ट्रक ट्रॅकवर गेला. अशा टेस्टसाठी मुद्दाम दगडगोट्यांचे, खाचखळग्यांचे पट्टे बांधतात. आमच्या ड्रायव्हरने पहिल्या दिवशी विचारलं, "हा तयार करायला पैसे दिले?" तो रोज ज्या रस्त्याने कामावर यायचा त्या रस्त्याने त्याला ही सेवा फुकट मिळत होती. आम्ही एकदा कुतूहलाने गेटबाहेरच्या रस्त्याचंही रेकॉर्डिंग घेतलं. त्याबद्दल रिपोर्टात काही नाही.

निघण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे गेजपासून मीटरपर्यंत दोन नव्हे, तीन वायरी. लांब वायर उन्हात तापली तरी तिचा रोध वाढतो आणि मीटरला वाटतं, ब्रॅकेट ताणला. तिसरी वायर जोडली की वायरींचं तापणं ब्रिजच्या, म्हणजे मीटर ज्यावर मोजतं त्या चार रोधांच्या चौकोनाच्या, शेजारशेजारच्या हातांत जाऊन एकमेकांना खाऊन टाकतं. हिशेब सुटसुटीत आहे, पण ही तिसरी वायर कशाला हे अकाउंट्सला पटवणं हे माझ्या कारकिर्दीतलं सर्वात अवघड तांत्रिक सादरीकरण होतं. दुसरी गोष्ट शंट. १२० ओहमच्या गेजला ५९,८८० ओहमचा रेझिस्टर समांतर लावला की मीटरवर बरोबर १००० मायक्रोस्ट्रेनचा दाब दिसला पाहिजे. लोखंड जागचं हललेलं नसतं, पण सगळी साखळी, गेज, सोल्डर, वायर, मीटर, सॉफ्टवेअर, आपापल्या जागी जागी आहे का ते कळतं. शाळेतली हजेरीच ती. फक्त इथे शेजाऱ्याची "हजर" दुसऱ्याने देऊन चालत नाही.

ब्रॅकेटच्या गेजने ट्रॅकवर चौदाशेपर्यंत उड्या मारल्या. साडेबाराशेला धीर सोडणारं पोलाद, त्यात चौदाशे. कोडं सुटलं होतं. आम्ही खूश होतो. पाहुणे नव्हते.

मीटिंग बसली. इतकी वर्षं अशा मीटिंगा पाहून माझ्या लक्षात आलं आहे की आकडा कमी आला तर कुणी गेजबद्दल विचारत नाही. तेव्हा डिझाइन उत्तम असतं. आकडा जास्त आला की पहिल्यांदा सर्वांना आठवतं की मध्ये एक गेज आहे आणि ते कुणीतरी अंगठ्याने चिकटवलंय. "गेज कोणत्या कंपनीचं?" "कधी लावलं?" "ऊन होतं का?" "वायर कशाला लागली नसेल ना?" मामांचं सोवळं कशासाठी असतं ते मला त्या दिवशी समजलं. ते लोखंडासाठी नसतंच. या मीटिंगसाठी असतं. प्रत्येक पांढरा निघालेला बोळा हे एका-एका प्रश्नाचं आधीच देऊन ठेवलेलं उत्तर असतं.

पाहुणे खाली आले, ब्रॅकेटपाशी उभे राहिले. मामांनी खिशातून पेन्सिल काढली आणि तिच्या मागच्या रबराने गेजवर अलगद दाब दिला. स्क्रीनवरचा आकडा थोडा हलला. रबर उचललं, जागेवर आला. खाली हवेचा बुडबुडा असता किंवा एखादा कोपरा सुटलेला असता, तर तो भटकला असता आणि परत जागेवर आला नसता. मग शंटचं बटण. हजार. तीन वायरी दाखवल्या. पॅकेटवरचा ११ नंबर दाखवला. २३ची पाकिटं परचेसच्या कपाटात "वरचं मॉडेल" म्हणून अजून जपून ठेवलेली होती. पाहुण्यांनी सगळं पाहिलं, मान डोलावली आणि गेजच्या बरोब्बर मधोमध बोट ठेवून विचारलं, "हे जरा चार बोटं अलीकडे लावलं तर? तिथे आकडा कमी येईल."

"येईल की साहेऽऽब," मामा म्हणाले. "तुमच्या केबिनमधल्या टेबलाला लावलं तर शून्य येईल."

चार बोटं अलीकडे आणखी एक गेज लावायचं ठरलं. मामांनी कापसाचं नवं बंडल मागवलं, आणि परचेसकडून कागद परत आला: जुन्या कापसाचं काय झालं, खुलासा करावा.